अंगणात तेलाचे डाग, पण गळतंय कुठून?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकांकडे 2009 सालची सात सीटची डिझेल गाडी आहे. 15 वर्षं पूर्ण झाल्यावर पैसे भरून 5 वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. महिन्याला सहा-सातशे किलोमीटर चालते. दिवाळीच्या आधी हायवेवरच्या एका दुकानात ऑईल आणि फिल्टर बदललं. संक्रांतीपासून अंगणात गाडीखाली काळे डाग दिसू लागले. रात्रीतून 10-12 थेंब, तेही ड्रायव्हरच्या पायाखालच्या बाजूला. तेव्हापासून दोनदा अर्धा-अर्धा लिटर ऑईल वरून टाकलं. तालुक्याच्या मेकॅनिकनं वाकून पाहिलं आणि सांगितलं, "बॅक सील गेलं भाऊ. सगळं उतरवा लागते. 16 हजार पकडा." लहान भाऊ म्हणतो, भंगारात काढ. शेजारी म्हणतात, जाड ऑईल टाक, आपोआप बंद होते. पेरणी तोंडावर आहे, बियाण्याचे आणि खताचे पैसे बाजूला काढलेत. आईला दर महिन्याला तपासणीला यवतमाळला न्यावं लागतं. मेकॅनिक ओळखीचा आहे, पण फसवत तर नाही ना, अशी शंका मनात आहे. काय करावं?

भाऊ, तुमच्या पत्रात मेकॅनिकचं मत आहे, भावाचं आहे, शेजाऱ्यांचं आहे आणि सारवलेल्या अंगणातले डाग पाहून वहिनी रोज काय म्हणतात तेही आहे. उपाय सगळ्यांनी सांगितले. तेल निघतंय कुठून, हे मात्र अजून कुणी पाहिलेलं दिसत नाही. मेकॅनिकनं थेंब पाहिला, भावानं गाडीचं वय पाहिलं, शेजाऱ्यांनी बहुतेक काहीच पाहिलं नाही. तेव्हा 16 हजार खर्चायचे की गाडी काढायची, हा वाद आठ दिवस बाजूला ठेवा. या आठ दिवसांत तुमची एक सकाळ जाईल आणि फार तर शे-दोनशे रुपये.

आधी हिशेब करू. तेलाचे 20 थेंब मिळून फार तर 1 मिलिलिटर होतं. रात्रीचे 12 थेंब धरले, तरी अर्ध्या मिलिलिटरच्या जरासं वर. संक्रांतीपासून चार महिने झाले, म्हणजे साधारण 120 रात्री. सगळे थेंब गोळा केले असते तर 70-75 मिलिलिटर भरलं असतं, टपरीवरच्या एका चहाएवढं. तुम्ही वरून टाकलंय 1 लिटर. मग बाकीचं 900 मिलिलिटरच्या वरचं तेल गेलं कुठं?

याची तीन उत्तरं संभवतात. एक, गाडी चालू असताना, तेलाला दाब असताना ते जास्त गळतं आणि रस्त्यावर जातं. दोन, 15-16 वर्षांच्या इंजिनात थोडं तेल जळतंच. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावरून पाय उचलून आल्यावर पुन्हा रेस दिली की निळसर धूर दिसतो का, ते पाहा. तीन, तेल तेवढं कमी झालंच नव्हतं. तुम्ही लिहिलंय, "गेजवर कमी वाटलं म्हणून टाकलं." गाडी उताराच्या अंगणात उभी असेल, इंजिन नुकतंच बंद केलं असेल, तर तेल मोजायची पट्टी खोटं बोलते. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, पट्टी काढून पुसायची, पूर्ण आत घालायची, मग पुन्हा काढून वाचायची. वरच्या खुणेच्या वर तेल गेलं तर तेही वाईट, जास्तीचं तेल स्वतःच वाट शोधतं.

हे एवढ्यासाठी सांगतोय की 16 हजारांचं सील बदलूनही पट्टीवरचं तेल कमी होत राहिलं, तर तुम्ही मेकॅनिकला चोर ठरवाल, आणि तो बिचारा त्या बाबतीत निर्दोष असेल. चार महिन्यांत गाडी अडीच हजार किलोमीटरच्या आसपास चालली असेल. तेवढ्यात 1 लिटर तेल लागणं या वयाच्या डिझेल इंजिनाला घाबरण्यासारखं नाही. ज्या दिवशी वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंतचा प्रवास हजार किलोमीटरच्या आत होईल, त्या दिवशी थांबू नका, हा माझा ठोकताळा. आजपासून एक करा : दर बाजाराच्या दिवशी सकाळी पट्टी पाहायची आणि किलोमीटरसकट वहीत लिहायची. ही वही उद्या मेकॅनिकपुढे ठेवली की बोलणं अंदाजावर राहत नाही.

डागांबद्दलही एक गोष्ट. सारवलेलं अंगण तेल शोषतं आणि पसरवतं. एका थेंबाचा रुपयाएवढा डाग होतो. मे महिन्याच्या उन्हात बंद इंजिनही रात्री उशिरापर्यंत गरम राहतं, तेल पातळ राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात थेंब जास्त पडतात. गाडीखाली जुना पत्रा किंवा खोका सरकवा. अंगण वाचेल, वहिनी शांत होतील आणि थेंब मोजता येतील. खोक्यावर पुढची बाजू कोणती ते लिहून ठेवा, चाकं कुठं उभी राहतात तिथं जमिनीवर खूण करा. रोज एकाच जागी गाडी लावली तर थेंब नेमके कशाखाली पडतात ते आपोआप कळतं.

आता तो थेंब कशाचा, हे बोटावर घेऊन पाहा. डिझेल गाडीचं इंजिन ऑईल काजळीमुळे काळं असतं, नवं टाकलेलं पण थोड्याच दिवसांत काळं होतं. गिअर ऑईल तपकिरी, जास्त चिकट, आणि वास असा उग्र गंधकासारखा की एकदा घेतला तर विसरत नाही. पॉवर स्टिअरिंगचं तेल बहुधा लालसर आणि पातळ. डिझेलचा वास तुम्हाला सांगायला नको. ब्रेक ऑईल पातळ, जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळं असतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या रेषेत सापडतं. ते निघालं तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि गाडी हलवू नका. तुमच्या वर्णनावरून इंजिन ऑईलच वाटतं, पण वास घेतल्याशिवाय ठरवू नका. कारण ड्रायव्हरच्या पायाखाली, जिथं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेले असतात, तिथून दोन्ही तेलं टपकू शकतात.

आणि इथंच मला तुमच्या मेकॅनिकच्या निदानाबद्दल बोलायचंय. आपल्याकडे कवेलूचं छप्पर गळतं तेव्हा थेंब खाटेवर पडतो, पण फुटलेलं कवेलू बरंच वर, दुसऱ्याच बाजूला असतं. पाणी बल्लीवरून ओघळत येतं आणि सोयीच्या जागी खाली उतरतं. इंजिनावरचं तेल तसंच वागतं, वर त्याला वाऱ्याची जोड. गाडी धावताना पुढची गळती वाऱ्यानं मागे ढकलली जाते आणि सगळं बूड ओलं होतं. शेवटी सगळं तेल सर्वात खालच्या टोकाला जमून टपकतं. म्हणून गाडीखाली वाकून जे ओलं दिसतं त्यावरून फार थोडं कळतं. शोधायची असते ती सर्वात वरची आणि सर्वात पुढची ओली जागा.

तुमच्यासारख्या गाडीत त्या नेमक्या ठिकाणी तेल आणणारे तीन संशयित आहेत. पहिलं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग, त्यातही मागचा कोपरा, जो केबिनच्या पत्र्याला लागून असतो आणि सहसा कुणाला दिसत नाही. तिथून तेल निघालं तर इंजिनाच्या पाठीवरून ओघळत बरोबर गिअरबॉक्सच्या तोंडावर येतं आणि हुबेहूब बॅक सीलसारखं दिसतं. दुसरं बॅक सील, म्हणजे क्रँकच्या, इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाचं ऑईल सील. तिसरं गिअरबॉक्सचं पुढचं सील, पण तिथून गिअर ऑईल येईल, म्हणून वास महत्त्वाचा. शेवटच्या दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पहिल्यासाठी बॉनेट उघडून काही बोल्ट काढायचे आणि पॅकिंग टाकायचं, अर्ध्या दिवसाचं काम. एवढा फरक असताना खालून पाहून निकाल देणं मला घाईचं वाटतं.

म्हणून मेकॅनिक फसवतोय असं मी म्हणणार नाही. पेरणीच्या तोंडावर त्याच्या दारात ट्रॅक्टरांची रांग असेल. इंजिन धुऊन, वाळवून, चालवून, पुन्हा पाहायला अर्धा दिवस जातो, आणि आपल्याकडे बघण्याचे पैसे कुणी देत नाही, खोलण्याचे देतो. मग तो खोलायचंच सांगणार. त्याला सरळ म्हणा, "भाऊ, आधी गळती पक्की करून द्या, त्याची मजुरी वेगळी घ्या." किंवा तेवढं काम स्वतः करा, त्यात कौशल्य कमी आणि धीर जास्त लागतो.

सकाळी सहाला, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना सुरू करा. नऊनंतर पत्र्याला हात लावता येणार नाही. धुवायच्या आधी नीट पाहून घ्या, ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि पुरावाच धुऊन टाकतात. पांदण रस्त्यांची काळी माती तेलावर बसून जाड थर झालेला असतो. ज्या भागावर तो थर कोरडा, तडे गेलेला आहे, तिथली गळती जुनी, कदाचित थांबलेली. ज्या थरातून एक काळी चकचकीत ओली रेघ खाली गेलेली दिसते, ती आजची गळती. त्या रेघेवर बोट ठेवून वर वर जा. मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करा आणि हात इंजिनाच्या मागे घाला, डोळा जात नाही तिथं कॅमेरा जातो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेखालून पांढरं फडकं फिरवा. काळं, ओलं आलं तर गोष्ट बरीचशी उलगडली.

मग धुवा. रॉकेल मिळणं आता मुश्कील, थोडं डिझेल आणि जुना ब्रश चालतो, वरून भांड्याच्या साबणाचं पाणी. डायनामो, स्टार्टर, फ्यूजचा डबा आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. सर्व्हिसिंगच्या दुकानातल्या प्रेशरच्या फवाऱ्याचा मोह टाळा, तो पाणी नको तिथं घुसवतो. रबरी पाईप आणि फॅन-डायनामोच्या पट्ट्यांवर (बेल्टवर) डिझेल राहू देऊ नका, रबर फुगतं. खाली तरट अंथरा, ते काळं पाणी विहिरीकडे किंवा गोठ्याकडे जाऊ देऊ नका. पूर्ण वाळू द्या. सायलेन्सरच्या पाईपवर डिझेल राहिलेलं असताना इंजिन सुरू करणं म्हणजे आगीला आमंत्रण.

वाळल्यावर अंगाला लावायची साधी पावडर हातावर घेऊन संशयाच्या जागांवर फुंका : टॅपेट कव्हरची कड, इंजिनाची पाठ, फिल्टरभोवती, चेंबरची, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या डब्याची कड, गिअरबॉक्सचं तोंड. पट्ट्यांवर आणि एअर फिल्टरजवळ नको. आता इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालू द्या. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बाह्या वर करा, फॅनजवळ हात नेऊ नका, फक्त पाहा. काही दिसलं नाही तर आठ-दहा किलोमीटर फिरवून या आणि पुन्हा पाहा. पांढऱ्या पावडरवर काळी रेघ जिथून सुरू होते, तिथंच गळती. गाडीखाली जायचं असेल तर हँडब्रेक, चाकांना दोन्हीकडून दगड, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही नाही. गाडी टेकवायच्या घोड्या नसतील तर सर्व्हिसिंगवाल्याच्या रॅम्पवर न्या.

रेघ कधी उमटते, यातूनही कळतं. इंजिन चालू असतानाच तेल झिरपतं आणि बंद केल्यावर थांबतं, तर दाबाच्या बाजूला पाहा : ऑईल फिल्टर, ऑईल प्रेशर स्विच (तेलाचा लाल दिवा लावणारा), टर्बोला जाणारा तेलाचा पाईप, आणि एक जागा जी हटकून विसरली जाते, डायनामोच्या मागचा व्हॅक्यूम पंप. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी स्वतःची ओढ (व्हॅक्यूम) नसते, म्हणून ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो डायनामोला जोडलेला असतो आणि त्याला वंगणासाठी इंजिनातून बारीक पाईपनं तेल जातं. तो पाईप किंवा त्याची रबरी नळी वर्षानुवर्षं गरम होऊन कडक होते आणि जोडाशी ओलावा धरते. पंपाचं सील गेलं तर तेल डायनामोत शिरतं आणि मग एक दिवस बॅटरी उतरलेली मिळते. तुमच्याकडे चार्जिंगचा काही त्रास असेल तर इथंच आधी पाहा. दाबाच्या बाजूची गळती अचानक मोठी होऊ शकते, म्हणून ती पेरणीसाठी लांबवू नका. बंद गाडीतून सावकाश टपकणारं मात्र टॅपेट कव्हर, चेंबर पॅकिंग, ड्रेन बोल्ट यांच्यातलं बहुधा असतं, त्याला वेळ देता येतो.

ड्रेन बोल्टवरून आठवलं. तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय : दिवाळीच्या आधी ऑईल बदललं. डाग त्यानंतरच सुरू झाले. ऑईल काढताना चेंबरचा बोल्ट उघडतात. त्याखालचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा टाकायला हवा, पण घाईत जुनाच कसला जातो आणि हळूहळू थेंब सोडतो. वॉशर अगदी किरकोळ पैशात येतो. पुढच्या ऑईल चेंजला तो नक्की बदला, आणि तोवर बोल्ट अंगाची ताकद लावून आवळू नका, चेंबरचे आटे गेले तर किरकोळ गोष्ट मोठी होईल. फिल्टरची जुनी रबर रिंग इंजिनाला चिकटून राहून तिच्यावर नवी बसली असती, तर थेंब नाही, धारच लागली असती, म्हणून तो संशय मी मागे ठेवतो. पण हात लावून फिल्टर सैल आहे का ते पाहा. प्रेशर स्विचला गळतीसाठी टेफ्लॉन टेप गुंडाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एका वायरचा स्विच अर्थिंग आपल्या आट्यांमधूनच घेतो. टेपनं ते तुटलं तर लाल दिवा लागायचाच बंद होईल, आणि तोच एक दिवा इंजिन वाचवतो.

गळती टॅपेट कव्हरची निघाली, तर आधी बोल्ट सैल आहेत का पाहून बारीक पान्यानं समोरासमोरचे आळीपाळीनं हलके आवळा. जोर लावला की कव्हर वाकतं आणि मग नवं पॅकिंगही बसत नाही. पॅकिंग लाकडासारखं कडक झालं असेल तर बदला, दोन्ही कडा पुसून कोरड्या करून. मेकॅनिकला सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळू देऊ नका. आत गेलेले त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या जाळीवर जमतात आणि तेलाची वाट अडवतात. बाहेरून एम-सील लावणं तर तेलकट धातूवर टिकतच नाही.

बॅक सीलचा निर्णय घ्यायच्या आधी ब्रीदरचा पाईप एकदा काढून पाहायला सांगा. इंजिनातली वाफ तिथून बाहेर पडते. तो पाईप चिखल-काजळीनं बुजला किंवा कुठं दबला असेल तर आतला दाब तेलाला सीलमधून ढकलतो. अशा वेळी नवं सीलही काही महिन्यांत ओलं होईल. इंजिन संथ चालू असताना ऑईल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. हलकी वाफ येणं डिझेलला चालतं. ब्रीदर मोकळा असूनही झाकण नाचत असेल आणि दाट धूर येत असेल, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि मग प्रश्न सीलच्या बाहेरचा आहे. पट्टीवर तेल कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल तेलात उतरतंय. त्यानं तेल पातळ होतं आणि जिकडून तिकडून गळतं.

शेजाऱ्यांच्या जाड ऑईलबद्दल : गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच ठेवा. जाड तेलानं थेंब थोडे कमी होतीलही, पण सैल बोल्ट किंवा फाटलेलं पॅकिंग तेल जाड केल्यानं शिवलं जात नाही. गळती थांबवायची जी बाटली मिळते ती रबर फुगवते. कडक झालेल्या सीलला काही दिवस उपयोग होतो, पॅकिंगला नाही, आणि जास्त झाली तर चांगली सीलं मऊ करून टाकते. ज्याला गाडी दोन महिन्यांत विकायची आहे त्याचा हा उपाय आहे, तुमचा नाही. आणि तेल घ्याल ते सीलबंद डब्यातलंच.

भावाचं म्हणणं मला नाराजीतून आलेलं वाटतं, हिशेबातून नाही. नोंदणी 2029 पर्यंत आहे, त्याचे पैसे गेलेले आहेत. गाडी ठेवायची की काढायची हे ठरवायचं असेल तर चेसिस गंजली का, झाकणाची परीक्षा काय सांगते, ब्रेक आणि सस्पेन्शन कसं आहे, हे पाहा. ऑईल सील या यादीत बरंच खाली येतं. आणि गाडी नसली तर आईला दर महिन्याला यवतमाळला न्यायला भाड्याच्या गाडीचा खर्च किती, तो भावालाच काढू द्या. तेल गळतंय म्हणून घाईत विकलेल्या गाडीत गिऱ्हाईक दुरुस्तीच्या दुप्पट पैसे पाडून घेतो, हे तुम्ही बैलबाजारात पाहिलेलंच आहे.

समजा पावडरनं बॅक सीलच दाखवलं. तरी क्लच घसरत नसेल तर पेरणी होऊ द्या. घसरतोय का हे कळायला पुसदच्या बाजूचा एखादा घाट चढून पाहा : रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढ घेत नाही, जळका वास येतो, म्हणजे तेल बहुधा क्लच प्लेटवर पोचलंय, मग थांबता येणार नाही. तसं नसेल तर गाडीत त्याच ग्रेडचं 1 लिटर सीलबंद ऑईल ठेवा, पट्टीची वही चालू ठेवा. तेल सायलेन्सरच्या किंवा टर्बोच्या अंगावर टपकत असेल, बॉनेटखालून धूर येत असेल, तर मात्र एक दिवसही नाही. चालताना तेलाचा लाल दिवा लागला तर गाडी जागेवर बंद. पुढच्या गावापर्यंत नेऊ, हा विचार इंजिन खातो.

काम द्याल तेव्हा "सगळं उतरवा लागते" म्हणजे नेमकं काय, हे विचारा. तुमच्यासारख्या मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) सोडून गिअरबॉक्स खालून निघतो, इंजिन जागेवर राहतं. इंजिन काढायचं म्हणत असेल तर कारण सांगायला हवं. गिअरबॉक्स खाली आला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील पाहून घ्या. झिजलेलं असेल ते तेव्हाच बदला, कारण मजुरी एकदाच द्यायची आहे. क्रँकवर सील जिथं घासतं तिथं खाच पडली असेल तर नवं सील किंचित पुढे-मागे बसवावं लागतं, हे मेकॅनिकला माहीत असतं, पण तुम्ही विचारलं की तो नखानं चाचपून पाहतो. आणि काढलेलं जुनं सील मागून घ्या. कड अंगठ्यानं दाबून पाहा : कडक, तडकलेली असेल तर पैसे योग्य जागी गेले. मऊ, लवचीक निघाली, तर गिअरबॉक्स पुन्हा चढवायच्या आधी तिथं उभं राहून टॅपेट कव्हरची मागची कड एकदा पुसून पाहायला लावा.